शुक्राणूचे शीर्ष व पुच्छ यांना जोडणारा सांधा

विवाहाला चार-पाच वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, म्हणजे नातेवाइकांच्या नजरा सुनेकडे वळतात. उपासतापास, नवससायास आणि औषधपाणी यांचा सारा भार तिच्यावर पडतो. प्रसंगी दुसऱ्या लग्नाची भाषाही तिच्या देखत सुरू होते. पतीचीही तपासणी करून घ्यावी, हा विचार पुष्कळ घरांत सर्वांत शेवटी सुचतो आणि कित्येक घरांत तो सुचतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहा जणांपैकी एकास, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, कार्य करीत असते. असे असता अपत्यहीनतेचा दोष सरसकट स्त्रीच्या माथी मारणे हे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

पुरुषाकडील कारणे अनेक आहेत. शुक्राणूंची संख्या अल्प असणे, त्यांची हालचाल मंद असणे, वाहकनलिकेत अडथळा असणे, अंतःस्रावांचे प्रमाण बिघडणे, वृषणातील शिरा फुगणे ही त्यांतील नेहमी आढळणारी होत. परंतु या लेखात एका विरळा कारणाचा परिचय करून द्यावयाचा आहे. शुक्राणूचे शीर्ष आणि पुच्छ ज्या ठिकाणी एकमेकांस जोडलेले असतात तो सांधाच काही पुरुषांत कच्चा राहतो. पुच्छे वळवळत पुढे जातात. पण ज्या शीर्षात पित्याचे आनुवंशिक द्रव्य असते ते त्यांच्यासोबत नसते. हा विकार विरळा असला तरी त्याच्या अभ्यासातून मनुष्याच्या जन्माची पहिली पायरी किती नाजूक आहे, हे जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य एखाद्या विकारातून होत असेल.

केसाच्या जाडीपेक्षा लहान पेशी

हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या आंतोनी व्हान लेव्हेनहुक या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून १६७७ साली वीर्य तपासले, तेव्हा त्यास त्यात असंख्य वळवळणारे जीव दिसले. ही हकिकत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविली. त्या 'जीवां'ना आज आपण शुक्राणू म्हणतो. मानवी शुक्राणूची एकूण लांबी सुमारे ५० ते ६० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा एक केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे शुक्राणूची संपूर्ण लांबी केसाच्या जाडीतही सामावते, हे ध्यानात येईल.

शाळेतील पाठ्यपुस्तकांत शुक्राणूचे शीर्ष, मान, मध्यभाग आणि पुच्छ असे भाग दाखविलेले असतात. शीर्ष चार ते पाच मायक्रॉन लांब आणि तीन मायक्रॉनांच्या आसपास रुंद असते. त्यात पित्याकडील २३ गुणसूत्रे अत्यंत घट्ट गुंडाळून ठेवलेली असतात आणि पुढच्या बाजूस अंडपेशीच्या आवरणातून वाट काढण्यास उपयोगी पडणाऱ्या विकरांची टोपी असते. मध्यभागात ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया, मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेल्या असतात. पुच्छ दर सेकंदास अनेक वेळा फटकारे मारते आणि त्या बळावर शुक्राणू मिनिटास दोन-तीन मिलिमीटर अंतर कापतो. एका वेळी बाहेर पडणाऱ्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी जेमतेम काहीशेच बीजवाहिनीत अंडपेशीच्या जवळपास पोहोचतात.

आता या रचनेतील अडचण पाहावी. सामान शीर्षात आहे आणि ऊर्जानिर्मिती मध्यभागात. फटकारा मारण्याचे काम पुच्छाचे आहे; त्याचा सारा ताण मात्र मानेवर पडतो. ही मान जेमतेम एक मायक्रॉन लांबीची असते. कुदळीचे पाते कितीही धारदार असले आणि दांडा कितीही मजबूत असला, तरी ज्या ठिकाणी दांडा पात्यात बसतो तेथील पाचर सैल असेल तर ती कुदळ कामाची नाही. शुक्राणूच्या बाबतीत ती पाचर म्हणजे मान होय. पाठ्यपुस्तकातील आकृतीत मान एका बारीक रेघेने दाखविली जाते. तिचे खरे स्वरूप मात्र बरेच गुंतागुंतीचे आहे.

मानेची घडण

साध्या सूक्ष्मदर्शकातून मानेतील रचना दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा उपयोग सुरू झाल्यानंतरच ती उलगडू लागली. अमेरिकेतील डॉन फॉसेट व डेव्हिड फिलिप्स यांनी सस्तन प्राण्यांच्या शुक्राणूची मान कशी असते व ती कशी घडते याचे तपशीलवार वर्णन १९६९ साली प्रसिद्ध केले. त्या वर्णनाची चौकट आजही कायम आहे.

शीर्षाच्या मागील टोकास केंद्रकाला एक लहानशी खोबण असते. या खोबणीच्या तळावर केंद्रकाच्या आवरणाला बाहेरून चिकटलेला दाट द्रव्याचा एक पातळ थर असतो. त्यास तलपट्टिका म्हणता येईल. पुच्छाच्या बाजूने या खोबणीत नेमका बसेल असा घुमटासारखा एक भाग येतो. घुमटाखाली नऊ खंडित स्तंभ असून त्यांवर आडवे पट्टे दिसतात. हे नऊ स्तंभ पुढे पुच्छातील नऊ दाट तंतूंशी एकजीव झालेले असतात. पुच्छाच्या मध्यातून जाणाऱ्या सूक्ष्मनलिकांची रचनाही नऊ जोड्या भोवती आणि दोन नलिका मध्ये अशीच असते. अशा रीतीने पुच्छाचा प्रत्येक फटकारा तंतूंकडून स्तंभांकडे, स्तंभांकडून घुमटाकडे आणि घुमटाकडून शीर्षाकडे पोहोचतो.

स्तंभांच्या वेढ्यात तारककेंद्र नावाचे दोन सूक्ष्म अवयव असतात. सामान्य पेशीत तारककेंद्रे पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी करणाऱ्या धाग्यांची मांडणी करतात. शुक्राणूत त्यांपैकी एक शीर्षालगत असते आणि दुसऱ्यापासून पुच्छ उगवते. हे दुसरे तारककेंद्र मानवी शुक्राणूत निकामी होते, असा पुष्कळ वर्षे समज होता. ते नाहीसे न होता आपले रूप पालटून कार्यक्षम राहते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे मान हा केवळ सांधा नाही. पुढील विभाजनाचे साहित्यही तेथेच साठविलेले असते.

सांधा जुळतो तो काळ

वृषणात शुक्राणू एकदम तयार होत नाही. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू तयार होण्यास मनुष्यात साधारणतः सव्वादोन ते अडीच महिने लागतात. विभाजने संपल्यानंतर जी पेशी हाती येते ती गोल असते. तिला ना शीर्ष ना पुच्छ. या गोल पेशीचे रूपांतर होताना तारककेंद्रांची जोडी प्रथम पेशीच्या कडेकडे जाते आणि तेथे पुच्छाचा अंकुर फुटतो. त्यानंतर ही जोडी अंकुरासह आत सरकते आणि टोपी ज्या बाजूस तयार होत असते तिच्या नेमक्या विरुद्ध बाजूस केंद्रकाला येऊन भिडते. येथेच सांधा जुळतो. पुढे केंद्रक आकसून लांबट होते, जादा पेशीद्रव्य टाकून दिले जाते आणि शुक्राणू आधार देणाऱ्या पेशींपासून सुटा होतो. त्यानंतर सुमारे सहा मीटर लांबीच्या, पण वेटोळे करून बसविलेल्या अधिवृषणाच्या नलिकेतून प्रवास करताना त्यास पक्वता येते.

या क्रमात सांधा दोन वेळा कसास लागतो. पहिली वेळ वृषणातून सुटण्याची आणि दुसरी अधिवृषणात हालचालीचे सामर्थ्य येण्याची. सांधा मुळातच जुळला नसेल तर वृषणातच फाटाफूट होते; शीर्षे मागे राहून भोवतालच्या पेशींकडून नष्ट केली जातात आणि पुच्छे तेवढी पुढे जातात. सांधा जुळला असूनही दुबळा असेल तर तो नंतरच्या प्रवासात निखळतो.

वळूंच्या वीर्यातील कोडे

या दोषाचा पहिला सविस्तर अभ्यास माणसात नव्हे तर गुरांत झाला. इंग्लंडमध्ये कृत्रिम रेतनाचा प्रसार होत असताना ग्वेर्न्सी जातीचे काही वळू दिसण्यात धडधाकट असूनही त्यांच्यापासून गाई गाभण राहत नाहीत, असे आढळून आले. हॅनकॉक व रोलिन्सन यांनी १९४९ साली या वळूंच्या वीर्याचे वर्णन प्रसिद्ध केले. शीर्षे व पुच्छे एकमेकांपासून सुटलेली होती आणि सुटी पुच्छे जोमाने हालचाल करीत होती. पुढे डेन्मार्कमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अशा वळूंची तपासणी झाली आणि दोष मानेतच असल्याचे स्पष्ट झाले. हा दोष आनुवंशिक असल्याचेही दिसून आले.

ही हकिकत महाराष्ट्रातील वाचकांस परकी वाटू नये. पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या बाएफ या संस्थेने गोठविलेल्या वीर्याने शेतकऱ्याच्या दारी जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत राज्यात व देशात रुजविली. गोठविलेल्या वीर्याच्या एका कांडीत पाव मिलिलिटर द्रव आणि सुमारे २ कोटी शुक्राणू असतात. एका वळूपासून वर्षाला हजारो कांड्या तयार होतात. तेव्हा एका सदोष वळूमुळे किती गोठ्यांचे नुकसान होऊ शकेल, याचा अंदाज सहज करता येईल. म्हणूनच वीर्यकेंद्रांत शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि घडण तपासल्याखेरीज कांड्या बाहेर पाठविल्या जात नाहीत.

गाय उलटली म्हणजे जाणता शेतकरी केवळ गाईला दोष देत नाही. रेतनाची वेळ साधली होती काय, कांडी चांगली होती काय, वळू कोणता होता, याची तो चौकशी करतो. गोठ्यात दाखविली जाणारी ही समबुद्धी माजघरात मात्र हरवते, ही खेदाची गोष्ट होय.

टाचणीच्या डोक्याचा भ्रम

माणसातही असे शुक्राणू असतात याकडे गेल्या शतकाच्या आठव्या व नवव्या दशकांत संशोधकांचे लक्ष गेले. आरंभी त्यांना टाचणीच्या डोक्याचे शुक्राणू असे नाव पडले. कारण पुच्छाच्या पुढील टोकास एक अगदी लहान गाठ दिसत असे आणि ती म्हणजे खुरटलेले शीर्षच, अशी समजूत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहता त्या गाठीत केंद्रक नाही, केवळ पेशीद्रव्याचा थेंब आहे, असे निष्पन्न झाले. ते खुरटलेले शीर्ष नव्हते. तेथे शीर्षच नव्हते.

या भ्रमाचे व्यावहारिक परिणाम आहेत. सुटी पुच्छे हालचाल करीत असल्यामुळे घाईने पाहणाऱ्यास वीर्य उत्तम भासू शकते. म्हणून शीर्ष व पुच्छ दोन्ही असलेल्या पूर्ण शुक्राणूंचीच गणना करावी आणि सुट्या पुच्छांची वेगळी नोंद करावी, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीविषयक मार्गदर्शक पुस्तिकेचा दंडक आहे. २०२१ साली निघालेल्या या पुस्तिकेच्या सहाव्या आवृत्तीत ज्या किमान मर्यादा दिल्या आहेत त्या अशा : वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांपैकी हालचाल करणारे ४२ टक्के, आणि निर्दोष घडणीचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून आश्चर्य वाटेल. परंतु निरोगी व अपत्य असलेल्या पुरुषांतही निर्दोष घडणीचे शुक्राणू अल्पच असतात. म्हणून काही शुक्राणू शीर्षहीन आढळले एवढ्यावरून कोणी भयभीत होण्याचे कारण नाही. जेव्हा बहुतेक सर्वच शुक्राणू शीर्षहीन असतात तेव्हाच त्यास विकार म्हणावयाचे.

प्रथिनांची साखळी

सांधा कोणत्या द्रव्याने जोडला जातो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत मिळू लागले आहे. अमेरिकेतील संशोधकांनी स्पाटा-६ या प्रथिनाचे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या शुक्राणूंत नऊ स्तंभ व घुमट नीट घडेनात आणि शीर्षाविना पुच्छे बाहेर पडू लागली. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१६ साली चीनमधील संशोधकांनी शीर्षहीन शुक्राणूंचा विकार असलेल्या १७ पुरुषांच्या जनुकांची तपासणी केली. त्यांपैकी ८ जणांत सन-५ या एकाच जनुकात उत्परिवर्तने आढळली. सन-५ हे प्रथिन केंद्रकाच्या आवरणाशी संबंधित असून शीर्ष व पुच्छ जेथे भिडतात तेथे ते असते. २०१८ साली पीएमएफबीपी-१ या तिसऱ्या प्रथिनाचा शोध लागला. सन-५ आणि स्पाटा-६ यांच्या मध्ये त्याचे स्थान आहे.

ही तीन नावे लक्षात ठेवण्याचे कारण नाही. त्यांचा क्रम मात्र उद्बोधक आहे. शीर्षाकडील कडी सन-५, पुच्छाकडील कडी स्पाटा-६ आणि मधली कडी पीएमएफबीपी-१ अशी ही साखळी आहे. तीतील कोणतीही एक कडी निकामी झाली की परिणाम एकच : शीर्ष एकीकडे आणि पुच्छ दुसरीकडे. या साखळीत याखेरीज आणखीही प्रथिने असून त्यांचा शोध चालू आहे.

प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या फळमाशीनेही या अभ्यासास हातभार लावला आहे. गुरुत्वाकर्षणाला माशी कसा प्रतिसाद देते, याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना एक जनुक सापडले. त्यांनी त्यास पहिला अंतराळवीर युरी गागारिन याचे नाव दिले. पुढे २००८ साली असे दिसले की, या जनुकात बिघाड झालेले नर वंध्य असतात आणि त्यांच्या शुक्राणूंतील केंद्रक व पुच्छाचे मूळ यांची जोडणी नीट होत नाही. या माशीचा शुक्राणू सुमारे १.८ मिलिमीटर, म्हणजे मानवी शुक्राणूच्या तीसपट लांब असतो. जोडणीचा प्रश्न माशीपासून मनुष्यापर्यंत सर्वांनाच सोडवावा लागतो, हे यावरून दिसते. विज्ञानाच्या एका शाखेतील शोध दुसऱ्या शाखेच्या उपयोगी कसा पडतो, हे विद्यार्थ्यांस समजावून देण्यास शिक्षकांना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.

आनुवंशिकता आणि नात्यातील विवाह

सन-५ जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून आणि एक पित्याकडून आलेली. दोन्ही सदोष असतील तरच विकार प्रकट होतो. एक प्रत सदोष असलेला मनुष्य स्वतः निरोगी असतो, मात्र तो दोष पुढील पिढीस देऊ शकतो. पती व पत्नी दोघेही असे वाहक असतील तर प्रत्येक अपत्यात दोन्ही सदोष प्रती येण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातील विवाहात दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो; शीर्षहीन शुक्राणूंचे अनेक रुग्ण अशाच कुटुंबांत आढळले आहेत. मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आपल्याकडे काही समाजांत आहे. अशा कुटुंबात एकाहून अधिक भावांना अपत्य होत नसेल तर ती गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी; निदानास तिचे साहाय्य होते.

सांधा सुटण्याची योग्य वेळ

आतापर्यंत सांधा टिकला पाहिजे असे आपण पाहिले. परंतु एक क्षण असा येतो की, तेव्हा तो सुटलाच पाहिजे. मनुष्यात शुक्राणू पुच्छासह अंडपेशीत शिरतो. आत गेल्यावर शीर्षातील गुणसूत्रे मोकळी होतात आणि मानेतील तारककेंद्रांभोवती अंडपेशीतील द्रव्य जमून सूक्ष्मनलिकांचे किरण पसरू लागतात. या किरणांच्या आधारे पित्याचे व मातेचे केंद्रक एकमेकांजवळ आणले जातात आणि त्यानंतर पहिले विभाजन होते. पुच्छातील तंतुकणिका मात्र नष्ट केल्या जातात. म्हणूनच आपल्या सर्वांच्या तंतुकणिका मातेकडून आलेल्या असतात. सारांश, प्रवासात घट्ट राहणे आणि मुक्काम गाठताच मोकळे होणे ही दोन्ही कामे या एका सांध्याला करावी लागतात.

उपचाराची वाट

ज्याच्या वीर्यात केवळ पुच्छे आहेत त्यास औषधी गोळ्यांनी शीर्षे प्राप्त होणार नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरीही वाट पूर्णपणे बंद झालेली नाही. बेल्जियममधील ब्रुसेल्स येथून पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली एक नवी पद्धत जाहीर केली. तीत एकच शुक्राणू बारीक काचनलिकेने थेट अंडपेशीत सोडला जातो. पोहण्याचे काम सुईनेच केल्यामुळे पुच्छाच्या बळाची गरज उरत नाही. शीर्षहीन शुक्राणूंचा विकार असलेल्या काही पुरुषांच्या वीर्यात शीर्ष अजून जोडलेले असे मोजके शुक्राणू सापडतात. प्रसंगी ते वृषणातून मिळवावे लागतात. सन-५ व पीएमएफबीपी-१ यांतील दोष असलेल्या जोडप्यांना या पद्धतीने अपत्ये झाली आहेत. अन्य काही जनुकांतील दोष असल्यास मात्र गर्भाची वाढ आरंभीच थांबल्याचे आढळते. म्हणून उपचारापूर्वी जनुकीय तपासणी व समुपदेशन यांस महत्त्व आहे.

शरीराबाहेर फलन करण्याच्या शास्त्रात भारत मागे राहिलेला नाही. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने १९७८ साली देशातील पहिली नलिकाशिशू जन्मास आली. त्यांच्या कार्याची योग्य कदर मात्र त्यांच्या निधनानंतर झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा या बालिकेचा जन्म झाला. आज अशी केंद्रे जिल्ह्याच्या गावीही निघाली आहेत. त्यांतील व्यवहारांवर नियंत्रण राहावे म्हणून केंद्र शासनाने सहाय्यित जननतंत्रज्ञानाच्या विनियमनाचा कायदा २०२१ साली केला. त्यान्वये अशा प्रत्येक केंद्राने नोंदणी करणे बंधनकारक असून उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ वर्षे या मर्यादांत असावे लागते. खर्च मोठा असल्याने केंद्राची नोंदणी पाहिल्यावाचून कोणीही पैसे भरू नयेत.

गावपातळीवरील कर्तव्य

शुक्राणूच्या मानेतील प्रथिनांशी ग्रामपंचायतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, विकार कितीही सूक्ष्म असो, त्याचा पत्ता लागण्याची पहिली पायरी अगदी साधी आहे. ती म्हणजे पतीच्या वीर्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा. तो शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा आणि तासाभराच्या आत त्याची तपासणी व्हावी. एका तपासणीवरून निष्कर्ष न काढता काही काळाने ती पुन्हा करावी. कारण शुक्राणू तयार होण्यास सव्वादोन महिन्यांहून अधिक काळ लागत असल्याने एखाद्या जुन्या तापाचा परिणामही अहवालात उमटू शकतो. या तपासणीत शस्त्रक्रिया नाही, भूल नाही की वेदना नाही. पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या तपासण्या बहुधा याहून कष्टाच्या व खर्चाच्या असतात. म्हणून वर्षभर गर्भनिरोधकाविना सहजीवन असूनही गर्भधारणा झाली नाही तर दोघांचीही तपासणी एकाच वेळी सुरू करावी, हा नियम प्रत्येक कुटुंबाने पाळणे अगत्याचे आहे.

पौरुष आणि प्रजननक्षमता या भिन्न गोष्टी आहेत, हेही समजावून देणे आवश्यक आहे. शीर्षहीन शुक्राणू असलेला पुरुष शरीराने सुदृढ असतो. त्याच्या वैवाहिक जीवनात वा वीर्याच्या बाह्य स्वरूपात काहीही वेगळे दिसत नाही. दोष आहे तो नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या सांध्यात. त्यात त्याचा अपराध नाही. त्याच्या पत्नीचा तर नाहीच नाही.

वंध्यत्वाच्या दुःखाचा फायदा घेणारे बुवा व मांत्रिक ही जुनी व्याधी आहे. मूल न होणाऱ्या स्त्रीस अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याचे आमिष दाखवून तिच्याशी शरीरसंबंध ठेवणे हा राज्याच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पोलीस पाटील, ग्रामसेवक, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांनी ही तरतूद गावात माहीत करून द्यावी. अपत्य नाही म्हणून सुनेस घराबाहेर काढण्याच्या तक्रारी पंचांपुढे आल्यास त्यांनी प्रथम एक प्रश्न विचारावा : पतीची तपासणी झाली आहे काय?

एक मायक्रॉन लांबीच्या सांध्यावर एका जीवाचा आरंभ अवलंबून असतो. तो सांधा कोणाच्या शरीरात कच्चा राहील, हे कोणाच्या हाती नाही. परंतु त्याची शहानिशा न करता एका निरपराध स्त्रीस आयुष्यभर वांझ म्हणून हिणवावयाचे की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.